शेवटचं नाव मानाचं असतं म्हणे!

चहा आधी संपवा, मग सांगतो. ऐकताना ठसका लागला तर पाठीवर थापा मारायला मीच बसलोय इथं, आणि माझ्या थापण्याबद्दल हल्ली गावात कुणी बरं बोलत नाही. का, ते कळेलच.

तर माझी अब्रू एका चिनी बाईनं घालवली. हसू नका! त्या बाईला मी ठाऊकसुद्धा नाही. ती तिकडं पडद्यावर, मी इकडं सोलापुरात चादरी-टॉवेलच्या दुकानात. तरी घालवली.

झालं असं, की वरच्या फळीवरचा चादरींचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढलो आणि गठ्ठ्यासकट खाली आलो. गठ्ठ्याला काही झालं नाही. माझा घोटा मात्र भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. झालं! दुकान नोकरांवर, मी सोफ्यावर आणि पाय उशीवर.

दुपारी आपल्या घरात काय चालतं, हे मला लग्नाच्या बावीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. म्हणजे बायको, महानंदा, कडक भाकरी करते हे ठाऊक होतं. ज्वारीची, पातळ, कुरकुरीत, महिनाभर टिकणारी. सोबत शेंगाचटणी. अकरा वर्षं घरातूनच विकते, मदतीला गल्लीतल्या चार बायका. पण शेंगांच्या डब्याला मोबाइल टेकवून या पाचही जणी चिनी मालिका बघत भाकऱ्या थापतात, हे मला नवीन होतं! हिंदीत डब केलेली मालिका. आमची लेक अक्षता कॉलेजातून ती साथ घेऊन आली होती.

"ह्ये काय बघायलाव तुमी? सगळे सारकेच दिसत्यात की!" मी म्हणालो.

"तुमच्या चादरी बी आमाला सारक्याच दिसत्यात," महानंदा मान वर न करता म्हणाली.

चौथ्या दिवशी मीच विचारत होतो, "अगं, त्या वैदिणीच्या काढ्यात विष कुणी घातलं?"

काय बाई होती हो ती! राजवाड्यातली वैदीण. नाडी बघते, तलवार चालवते, कड्यावरून पडलेल्या राजपुत्राला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरते. आणि राजपुत्र काय करतो? वाऱ्यात उभा राहतो. केस उडवतो. चौथ्या भागात उगवतो आणि त्यातही निम्मा वेळ बेशुद्ध असतो!

आणि सुरुवातीच्या पाट्यांत पहिलं नाव कुणाचं? त्याचं! मला चिनी कुठलं यायला, अक्षतानंच सांगितलं.

"का म्हणून? काम तर सगळं तीच करायलीय!"

"पप्पा, तिकडं बऱ्याचदा असंच असतंय. नाव कुणाचं आधी, पोस्टरवर कोण पुढं, यावरून त्यांचे फॅन लई भांडत्यात. अन् हिरो चाळिशीचा झाला तरी विशीतला राजपुत्र. हिरोईननं तिशी ओलांडली की तिला त्याच्या आईचं काम सांगायला कमी करत न्हाईत."

"अन्याय हाय ह्यो!" मी एवढ्या जोरात ओरडलो की उशी घसरली आणि घोटा सोफ्याच्या लाकडावर आपटला. नंतर जे ओरडलो ते चिनी बायकांसाठी नव्हतं.

मला शांत करायला अक्षता म्हणाली, "एक हाय पप्पा. सगळ्यांच्या शेवटी एकटंच नाव येतंय न्हवं, 'विशेष भूमिका' म्हणून? ते बी मानाचं असतंय. मोठ्या, जुन्या नटांना देत्यात."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं, आणि तिथंच माती खाल्ली.

पाय बरा झाला, पण डोकं काही ठिकाणावर आलं नाही. मी चिनी बायकांचा वाली होऊन बसलो! टॉवेल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी वैदिणीची कहाणी. न्हाव्याच्या खुर्चीत बसून वैदिणीची कहाणी. एमआयडीसीत माल आणायला गेलो तर मागांच्या खडखडाटात, घसा ताणून, वैदिणीची कहाणी. "काम बाईचं आणि नाव बाप्याचं, हे आपल्याला चालणार नाही!" लोक मान डोलवायचे. मला वाटायचं, पटतंय त्यांना.

महानंदाला मात्र खरंच पटलं. त्याच सुमारास तिनं आमच्या दुकानाशेजारचा रिकामा गाळा भाकरीसाठी घेतला होता. एका दुपारी पिठाचे हात तसेच धरून ती माझ्यासमोर बसली.

"अहो, बोर्डाचं काम तुमी बघा. तुमाला आता लई कळतंय त्यातलं."

"बघतो की."

"तसं न्हवं. अकरा वर्षं झाली, लोक 'टॉवेलवाल्याकडची भाकरी' म्हणत्यात. थापते मी, भाजते मी, अन् भाकरी टॉवेलवाल्याची? एकदा माझं नाव दिसू दे बोर्डावर. एवडंच पायजे मला."

माझे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही. "तू काही काळजी करू नको, आणि उद्घाटनापर्यंत बोर्ड बघायचा नाही. सरप्राइज!" मी म्हणालो. अक्षतालाही दाखवला नाही. तेवढा दाखवला असता तर आज तुम्हाला नुसताच चहा मिळाला असता.

फ्लेक्सवाला मल्लू आमचा जुना माणूस. दारातून आत शिरतानाच मी जाहीर केलं, "पहिलं नाव बाईचं!"

"टाकू की अण्णा. पण वर देव लागंल न्हवं?"

आता देवाच्या वर बायको कशी टाकणार? टाकला देव.

"देवाच्या शेजारी आप्पांचा फोटो?"

आप्पा म्हणजे माझे वडील. जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना वगळून घरातलं काही सुरू करायचं? टाकले आप्पा.

"अन् आप्पा हायत, तुमी न्हाय? लोक इचारतील, ल्योक हाय का त्योबी गेला?"

हा विचार मला सहन होईना. टाकला माझा फोटो. हात जोडलेला, नम्र.

तेवढ्यात दाजींचा फोन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाळा त्यांच्या ओळखीतून मिळालेला. "बोर्ड करायलाव म्हणं? माझा सफारीतला फोटो धाडतो." नाही म्हणायची सोय होती का? टाकले दाजी.

आता राहिलं दुकानाचं नाव. मी म्हणालो, "महानंदा कडक भाकरी." मल्लूनं ते लिहिलं, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, आप्पांच्या फोटोखाली 'महानंदा' आलंय. लोकांना वाटंल, आप्पांचंच नाव महानंदा."

बघितलं तर खरंच तसं वाटत होतं. मिशीवाले महानंदा! शेवटी ठरलं, 'आप्पा कडक भाकरी केंद्र'. म्हटलं, हरकत नाही, महानंदा समजूतदार आहे.

तोवर बोर्डावर खाली बोटभर जागा उरली होती. "वैनींचं नाव बारीक करून बसवतो की हितं," मल्लू म्हणाला. पहिलं नाव म्हणून निघालेली बाई पार तळाला? आणि त्याच क्षणी मला अक्षताचं वाक्य आठवलं. शेवटचं, एकटं नाव मानाचं! मोठ्या नटांचं!

"मल्लू, शेवटीच टाक! एकटं! अन् आधी लिही, 'विशेष सहकार्य'!"

मल्लू माझ्याकडं बघतच राहिला. "लई पुढचा इचार असतो अण्णा तुमचा," म्हणाला. मी छाती फुगवून घरी आलो.

उद्घाटनाला गल्ली लोटली. बोर्डावर आमच्याच दुकानातली चादर टाकलेली. महानंदा नवी इरकल नेसली होती. तिनं दोरी ओढली, चादर खाली आली, टाळ्या वाजल्या. मोहोळचे एक निवृत्त मास्तर आमचे जुने गिऱ्हाईक. दिसेल ते मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. त्यांनी सुरुवात केली.

"आप्पा कडक भाकरी केंद्र. मालक, शिवानंद. मार्गदर्शक, दाजी. विशेष सहकार्य..." मास्तरांनी चष्मा वर केला, दोन पावलं पुढं गेले, "सौ. महानंदा."

टाळ्या थांबल्या. महानंदा बोर्डाकडं बघत होती. वरून खाली, ओळ-ओळ. तिचे डोळे शेवटच्या ओळीवर पोचले आणि तिथंच राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, शेवटचं नाव मानाचं असतंय..." मी पुटपुटलो.

मास्तरांनी माझा हात धरून गदागदा हलवला. "शाब्बास शिवानंद! भाकरीचा धंदा बी तुझाच व्हय? मला वाटलं, वैनी करत्यात. दे की मग, तुज्या हातची गरम-गरम दे!"

महानंदानं पदरानं डोळे टिपले. मग शांतपणे स्वतःचा एप्रन सोडला आणि माझ्या कमरेला बांधला. घट्ट गाठ मारून.

"व्हय मास्तर, मालक ह्येच हायत. मी आपली विशेष सहकार्य. सहकार्य काय, बसून बी करता येतंय."

आणि बसली की हो खुर्चीवर! चौघी बायकांनीही हात धुतले आणि तिच्या बाजूला बसल्या. शेंगांच्या डब्याला मोबाइल टेकवला. सगळी गल्ली परातीसमोर, परातीमागं मी.

पहिली भाकरी हातालाच राहिली. दुसरीला तीन कोपरे आले. तिसरी तव्यावर पडताना अर्धी तव्यात, अर्धी चुलीत. आमचे दाजी मोबाइलवर शूटिंग करत होते. तलवार चालवणं सोपं असेल, पण ज्वारीचं पीठ! वाऱ्यात उभं राहून केस उडवणं तेवढं मला जमलं असतं, पण वारा नव्हता आणि केस तर त्याच्याही आधी गेलेले.

सहाव्या वेळी काहीतरी भाजून निघालं. मास्तरांनी तुकडा तोंडात घातला. या दाढेवरून त्या दाढेवर फिरवला. मग एवढंच म्हणाले, "कडक हाय."

तशी महानंदा हसली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. मी एप्रनसकट तडक मल्लूकडं निघालो.

"पहिलं नाव बाईचं. दुसरं कुणाचंच नाही!"

"अन् देव?"

"देव आत, भिंतीवर."

"आप्पा?"

"माझ्या दुकानात आहेत तिथं बरे आहेत."

"दाजी?"

"दाजींचं मी बघतो."

संध्याकाळच्या आत बोर्ड चढला. 'महानंदा कडक भाकरी'. बस्स, एवढंच. मोहोळपर्यंत जाणाऱ्या एसटीतूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत. ती रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली आणि किती वेळ बघत होती. मीही तिच्याकडं बघत उभा होतो. दाजी अजून आमच्याशी बोलत नाहीत. हा फायदा मी धरलाच नव्हता.

आता धंदा जोरात आहे. दुपारी दुकान मिटलं की मीही तिथं जाऊन बसतो. मालिका बघत थापायला शिकतोय. माझी भाकरी एका बाजूनं गोल यायला लागलीय.

परवा अक्षतानं भाकरीच्या पाकिटाची नवी छपाई करून आणली. पुढं आईचा हसरा फोटो, आईचं नाव. मी पाकीट फिरवून फिरवून बघितलं. माणूस आहे, वाटतं हो!

"माझं नाव कुटं हाय गं?"

"हाय की," महानंदा पीठ मळता मळता म्हणाली. "मागं बघा. खाली."

मी चष्मा लावला. 'कोरड्या जागी ठेवावे' असं लिहिलं होतं. त्याच्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'विशेष सहकार्य : शिवानंद'.

काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पाचही जणी एका सुरात म्हणाल्या,

"शेवटचं नाव मानाचं असतंय!"