दुकानदारमामांचा सहावा टेक

दुकानदारमामा स्वतःचं काम कधी पाहत नसत. टीव्हीवर त्यांचा प्रसंग आला की उठून स्वयंपाकघरात जात आणि तिथून विचारत, "मेलो का?" बहुतेक वेळा मेलेले असत.

चाळीस वर्षं हेच. हॉलिवूडवाले इंग्लंडमध्ये शूटिंगला आले की मामा वाळवंटातले हमाल, राजवाड्यातले नोकर. इथल्या मालिकांत कोपऱ्यावरचे दुकानदार. आम्हा लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी मंडळींच्या लक्षात दुकानदारच राहिला. त्यांना ते नाव आवडत नसे, तरी आम्ही हाक मारायचो.

स्क्रिप्टमध्ये त्यांच्या पात्राला नाव क्वचितच असायचं. मग मामा समासात पेन्सिलीने नाव, गाव, बायकोचं माहेर असं सगळं लिहून ठेवत. "बिननावाच्या माणसाला उभं कसं राहायचं तेही कळत नाही," असं म्हणत.

गेल्या वर्षी, एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांना ब्रिस्टलला काम मिळालं. ट्रेन बंद होत्या आणि मी हॉस्पिटलमधून नुकतीच रिटायर झाले होते, म्हणून गाडीने घेऊन गेले. प्रसंग साधा होता: एक गुंड दुकानात शिरतो आणि दुकानदाराच्या तोंडावर थुंकतो. मला वाटलं, पाणी वापरतील. दिग्दर्शकाला खरी थुंकी हवी होती. पाच टेक झाले. दर वेळी तो "लव्हली" म्हणे, मेकअपवाली टिश्यूने मामांची हनुवटी पुसे आणि पुन्हा तेच. वॉर्डात मी काय काय पाहिलंय, पण इथे मी मान फिरवली.

सहाव्या टेकच्या आधी मामांनी विचारलं, या दुकानदाराचं नाव काय. दिग्दर्शक हसून म्हणाला, नावाची गरज नाही. मामांनी एप्रन सोडला, घडी करून काउंटरवर ठेवला आणि बाहेर आले.

परतताना वाटेत रीडिंग गावाजवळ त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. तोंड धुऊन यायला त्यांना फार वेळ लागला.

"त्या नटाची नाही गं," ते म्हणाले, "माझी मलाच किळस येते. पाच वेळा उभा राहिलो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे असतानाच एजंटबाईंचा फोन आला. दिग्दर्शक खूश आहे, तिसरा टेक उत्तम झालाय, सहाव्याची गरजच नाही. मामांनी फोन ठेवला.

"म्हणजे मी निघून आलो," ते म्हणाले, "ते कुणाला दिसणारच नाही."

हिवाळ्यात ते गेले. चित्रपट नंतर आला. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर तोच तुकडा फिरला; आपल्या मामांनी अपमान काय सुंदर दाखवलाय, असं कुणीतरी लिहिलं आणि खाली टाळ्यांची रांग लागली. मला शिसारी आली. तो अभिनय नव्हता. आणि सहाव्यांदा मामा उभे राहिले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.