वडाभात कोणाच्या हातचा

लोक मला विचारतात, कविता सुचते कधी? माझं उत्तर ठरलेलं आहे. भाजी चिरताना सुचते आणि लिहायला बसले की पळून जाते. खरं सांगायचं तर कवितेपेक्षा नसत्या चौकशांत माझा दिवस जास्त जातो. समोरच्या काकूंनी गॅलरीत बसणं एकाएकी का बंद केलं, ऑफिसातले आमचे साहेब डब्यातली कारली रोज कोणाच्या गळ्यात मारतात, असलं काही डोक्यात शिरलं की छडा लागेपर्यंत मला चैन पडत नाही. गेल्या हिवाळ्यात असाच एक छडा लावायला गेले आणि तो माझ्याच अंगाशी आला.

बाबांनी वडाभात करणं सोडलं होतं.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात स्वयंपाक बाबांचा. आई नर्स, तिची ड्यूटी पाळ्यांची, आणि मुळात तिला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा. हे ती पाहुण्यांसमोरही बेधडक सांगायची. बाबा सरकारी कचेरीत कारकून. फायली लावायचे त्याच टापटिपीनं डाळी भिजवायचे. तुरीची, चण्याची, मुगाची, थोडी उडदाची. इतवारीच्या बाजारातून आणताना दाणा दाताखाली धरून बघायचे आणि दुकानदाराला ऐकवायचे, "हे जुनी आहे गा, आतली काढ." मग जाडसर वाटण, त्याचे वडे, गरम भातावर कुस्करलेले, आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरच्यांची कडकडीत फोडणी. सोबत कढी. आमचा रविवार म्हणजे हाच.

तो रविवार वर्षभर आलाच नव्हता, आणि हे माझ्या लक्षात यायलाही वर्ष लागलं. चौकशी सुरू केली. आधी संशय गुडघ्यांवर गेला. पण बाबा ओट्याशी तासभर उभं राहून बेसनाच्या पाटोड्या करत होते. मग डॉक्टरांनी तेल बंद केलं असेल म्हणावं, तर आदल्याच दिवशी भजी झाली होती. शेवटी सरळ विचारलं.

"डाळच चांगली भेटत नाही आता," बाबा म्हणाले.

बाबांना खोटं बोलता येत नाही. मी मुद्दाम इतवारीत जाऊन चारही डाळी आणल्या. त्यांनी प्रत्येकीतला दाणा चावला, "चांगल्या आहेत" म्हणाले आणि तुरीच्या डाळीचं वरण केलं. बाकीच्या तिन्ही डब्यांत गेल्या. मग मी आईला गाठलं.

"मले काय विचारून राहिली वं?" आई म्हणाली. "तुझ्या त्या कवितेपासून बंद आहे."

ती कविता आईच्या हातच्या वडाभातावर आहे. पहिल्याच ओळीत आई येते आणि शेवटपर्यंत जात नाही. कविसंमेलनात लोक तीच मागतात, बाया डोळे पुसतात. कृती विचारायला आईला फोन येऊ लागले होते. आई फोन स्पीकरवर टाकून बाबांसमोर धरायची. बाबा हळू आवाजात प्रमाण सांगायचे, "दोन वाटी तूर", की आई मोठ्यानं, "दोन वाटी तूर घ्या बरं." मी पोट धरून हसायचे आणि हा किस्सा चार ठिकाणी सांगायचे. बाबांनाही गंमत वाटत असणार, असं मी धरून चालले होते.

पुढच्या रविवारी सकाळी बाबा मेथी निवडत होते. मी समोर बसले. खूप वाईट वाटत होतं, आणि तरीही तोंडातून आधी सबबच निघाली.

"बाबा, कवितेचं काय असतं, वृत्तात बसावं लागतं. ओळीत बाबा बसत नव्हते."

"मीबी तेच समजलो होतो," बाबा म्हणाले. "मंग मोजून पाह्यलं." मेथीची काडी खाली ठेवून त्यांनी बोटं पुढं केली. मी करते तशी, पेरं धरून. "एका दीर्घाच्या दोन मात्रा. आई म्हटलं तं चार. बाबा म्हटलं तं चार. बसते."

आयुष्यभर फायली लावलेल्या या माणसानं लेकीनं आपल्याला मुद्दाम वगळलं हा आळ खोटा ठरावा म्हणून मात्रा मोजायला शिकून घेतलं होतं. मला कुठं तोंड लपवू असं झालं. मग जे खरं होतं ते सांगितलं. सहावीत डबा उघडल्यावर मैत्रिणी हसल्या होत्या, तुझे बाबा पोळ्या लाटतात? दुसऱ्या दिवसापासून मी सांगू लागले, आईनं केलाय. पुढं ती सवयच होऊन बसली. कविता लिहितानाही हात आपोआप आईकडे गेला.

"मला लाज वाटायची, बाबा."

बाबांनी उरलेली मेथी निवडून संपवली. मग विचारलं, "आता वाटते?"

"नाही."

ते उठले. डबे काढून तुरीची, चण्याची, मुगाची, उडदाची डाळ पातेल्यात घेतली, दोनदा धुतली, पाणी घातलं, झाकण ठेवलं. न जाणो त्यांचा विचार बदलायचा, म्हणून मी घाईनं मेथीच्या काड्या उचलल्या.

"पहिली ओळ बदलशीन तू," हात पुसत ते म्हणाले, "पण तिसऱ्या ओळीत बांगड्या वाजून राहिल्या. त्याइचं काय करशीन?"

कविता त्यांना पाठ होती. आणि बांगड्या तर आमच्या ओट्याशी कधी वाजल्याच नव्हत्या. त्या मी इतर कवितांतून उचलल्या होत्या. मी लगेच वही ओढली.

"मग काय वाजायचं, बाबा? तुम्ही गुणगुणायचे का? शीळ घालायचे?"

"मले कसं माहीत असन?" बाबा म्हणाले. "मी तं कामात राहो. आयकाले तूच होती नं तिथं."

वीस वर्षं मी त्या ओट्याशेजारी ताट घेऊन बसले होते. पेन हातात धरून मी आठवत राहिले. मला एकही आवाज आठवला नाही.