ओढणारी गाडी

भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेणापुरात वेल्डिंगचं दुकान होतं. जड कामासाठी त्यांनी दोन चाकांची ट्रॉली बनवली होती. तिच्यावर जनरेटर, लोखंडी तिपाई आणि वजन उचलायची चेन-कुप्पी कायम बांधलेली असायची. पण ट्रॉली ओढायला स्वतःची गाडी नव्हती. काम निघालं की कुणाचा तरी ट्रॅक्टर मागायचा.

औशाच्या पुढं एका गावात माझी आत्या, अण्णांची थोरली अक्का, राहायची. त्या सकाळी तिचं गाव पडल्याचं कळलं आणि अण्णा ट्रॅक्टरसाठी दारोदार फिरले. ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता, त्याचंही कुणी ना कुणी तिकडं होतंच. दुपारी एक मिळाला. अण्णा पोचले तेव्हा दिवस कलला होता. शेजाऱ्यांनी आत्याला काढून लिंबाखाली ठेवलं होतं. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "दुपारपर्यंत आवाज देत होती रे. वरचं लाकूड आम्हाला हललं न्हाई."

चेन-कुप्पीनं ते हललं असतं. अण्णा हे कधी बोलले नाहीत. आत्याचा विषयच घरात निघेनासा झाला. तीन-साडेतीन वर्षं ते भूकंपग्रस्तांच्या शेडची कामं करत राहिले, आणि माझी दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात म्हणाले, "नांदेडला गाडी बघायला जाऊ. तू चल, कागद वाचायला."

नांदेडला त्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री होते. मी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी आधीच बजावलं, "रंग नको देखो भाई. ओढनेवाली होना तो नीचे घुसके देखो."

पहिली गाडी पांढरीशुभ्र, गाद्या नव्याकोऱ्या. चाचा खाली सरकले आणि काळं झालेलं बोट दाखवत बाहेर आले. चेसिसला जोड होता, त्यावर ताजा रंग फासलेला. दुसरीचं इंजिन गोड वाजत होतं. चाचांनी हँडब्रेक ओढून तिसरा गियर टाकला आणि क्लच सोडला.

"आता बंद पडायला पाहिजे," अण्णा माझ्या कानाशी म्हणाले. ती बंद पडली नाही, नुसती गुरगुरत राहिली. क्लच संपला होता.

तिसरी किनवटकडच्या एका लाकूडवाल्याची. आज एसयूव्ही म्हणतात तशी लांबरुंद जीप, पण उन्हानं विटलेली हिरवी, सीट फाटलेली. मागचा हूक घासून गुळगुळीत झालेला. मालक म्हणाला, "दुसरा गियर कडक हाय. तापत मात्र न्हाई. खोटं बोलून न्हाई राहिलो." मी चेसिसवरचा नंबर आरसी बुकाशी दोनदा ताडून पाहिला. मग चाचांनी विटांनी भरलेली एक ट्रॉली मागवली. अण्णांनी ती जोडून जीप चढावर मधेच उभी केली, पुन्हा उचलली. मागं सरकली नाही. मग उतारावर आणली.

"ओढणं सोपं हाय," ते म्हणाले. "मागून ओझं ढकलायला लागलं की थांबते का, ते बघायचं."

थांबली. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

त्याच वर्षी मी लातूरला अकरावीला गेले. पहाटेपासून शिकवण्या, एका खोलीत चौघी, भिंतीवर सूत्रं. मला घरची इतकी आठवण यायची की रविवारी सकाळपासून मी खिडकीशी असायचे. गल्लीत जीपचा आवाज आला की बाकीच्या म्हणायच्या, "आले तुझे अण्णा." मागं ट्रॉली असायचीच, काम असो वा नसो.

"रिकामी कशाला ओढता?" मी विचारलं.

"असू दे."

असाच एक रविवार. शिरूर अनंतपाळला एक शेड बघायला ते मला सोबत घेऊन निघाले होते. वाटेत एका माणसानं दोन्ही हात पसरून गाडी अडवली. शेतातल्या विहिरीचा काठ ढासळला होता, खाली एक मजूर दगडाखाली अडकला होता. अण्णांनी जीप सरळ ढेकळांतून घातली. विहिरीच्या तोंडावर तिपाई उभी केली, साखळी सोडली आणि स्वतः खाली उतरले. वर लोक साखळी ओढत होते. दगड बोटबोट उचलला गेला. तो माणूस वर आला तेव्हा त्याचा पाय मोडला होता, पण त्यानं पाणी मागितलं. त्याची बायको कळशीकडं धावली.

माणसाला जीपमधून दवाखान्यात पोचवलं. बाहेर आल्यावर अण्णा मागच्या चाकाला टेकून बसले आणि एकदम हमसून रडायला लागले. "अक्का," एवढंच म्हणत होते. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी शेजारी जाऊन बसले.

"तुझा पेपर होता ना गं शिकवणीत?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"बुडू द्या, अण्णा."

परतीच्या वाटेवर ते आत्याबद्दल बोलत राहिले. लहानपणी ओढ्याला पाणी आलं की ती त्यांना पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायची. भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तिखट भरून द्यायची. हसायला लागली की थांबायची नाही. मी ऐकत होते. लातूर आलं तेव्हा वाटलं, रस्ता अजून थोडा लांब असायला हवा होता.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी नांदेडला कॉलेजात शिकवते, रोज कितीतरी लोकांशी बोलते. पण अण्णांचा बोलता आवाज आठवायला गेले की तेवढी एकच संध्याकाळ हाती लागते, आणि ती पुरत नाही.