पाच गणपतींची नजर

हे सांगावं की नको, असा मला दरवेळी प्रश्न पडतो. सांगितलं की तुम्ही हसणार आणि हसलात की चहा अंगावर सांडणार. कप खाली ठेवा बघू. ठेवलात? मग ऐका, मी माझ्या विद्वत्तेने एका भल्या माणसाचं नाव बुडवायला कसा निघालो होतो ते!

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. मुंबईच्या कलाशाळेतून परीक्षा देऊन मी रत्नागिरीत ड्रॉइंगमास्तर म्हणून नवाच आलो होतो. आमचे मुंबईचे गुरुजी सांगायचे, चित्रकाराने हात चालवावा, डोकं चालवावं आणि दोघांचं काय जमलं ते वहीत लिहून ठेवावं. मी तिन्ही इमानेइतबारे करत होतो. तोंड उघडून कुणाला दोन शब्द विचारावेत, हे तेवढं गुरुजी सांगायला विसरले होते.

माझ्या बिऱ्हाडामागेच नानांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. नाना म्हणजे साठीचे मूर्तिकार, अक्षरशत्रू, पण हात असा की मातीला श्वास फुटावा. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. प्रत्येक घर आपला लाकडी पाट शाळेत पोचवतं आणि त्याच पाटावर त्या घराचा गणपती होतो. मूर्ती मनासारखी झाली नाही तर कुणी भांडायला येत नाही. पुढच्या साली पाट दुसऱ्याच्या शाळेत जातो, बस्स! मूर्तिकाराला याहून मोठा अपमान नाही. आणि नानांकडचा पाट चाळीस वर्षांत कधी हलला नव्हता.

तर मी अख्खा श्रावण नानांच्या शाळेत ठाण मांडून बसलो. मूर्तींची मापं घेतली, कंपास लावले, वही भरली. आणि मला एक मोठा शोध लागला! नानांचे सगळे गणपती एकसारखे बघत नाहीत. कुणी समोर बघतो, कुणी खाली, कुणी किंचित डावीकडे. का बरं?

मी विचार केला, खूप विचार केला आणि वहीत लिहून टाकलं: ज्या दिवशी कलावंताचं मन जसं, त्या दिवशी देवाची नजर तशी. खाली बघणारी ती करुण नजर आणि तीच सर्वश्रेष्ठ. यावर एक लांबलचक निबंधही तयार झाला.

"काय लिवताव एवढं, मास्तर?" नाना विचारायचे.

"तुमच्या मनातलं लिहितोय, नाना."

"माज्या मनात तं जेवान हाय," म्हणून ते हात धुवायला उठायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना स्वतःची थोरवी कळत नाही.

हरतालिकेच्या सकाळी नाना जांभ्या दगडाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. उजवं मनगट टम्म सुजलं. पाच गणपतींची डोळ्यांची आखणी राहिली होती! त्यांना पलीकडच्या वाडीतल्या वैदूकडे न्यायचं ठरलं. जाताना नाना मला म्हणाले, "मी येतंय तवर डोळ्यांना हात लावू नका. मी सांगन तसं मंग तुमी काडा."

दुपार झाली. माणसं पाट न्यायला दारात यायला लागली. नानांचा पत्ता नाही. मी वही उघडली, ब्रश उचलला आणि पाचही गणपतींना सर्वश्रेष्ठ करुण नजर देऊन मोकळा झालो. रीतीप्रमाणे मूर्तींच्या तोंडावर रुमाल टाकले गेले आणि गणपती डोक्यावरून आपापल्या घरी रवाना झाले.

दिवेलागणीला नाना आले. हात गळ्यात बांधलेला. रिकामी फळी बघून जागीच थबकले.

"नजर खुटं ठेवलाव?"

"खाली, नाना. करुण."

"पाची जनांची?"

"पाचही."

नाना मटकन खाली बसले. "मास्तर, पाटाच्या मागल्या कडंला कोळशाच्या रेगा हायत, त्या बगितलाव न्हाय?"

बघितल्या होत्या हो! मला वाटलं, कुणा पोराने रेघोट्या ओढल्यात. पण ती नानांची वही होती! दोन रेघा म्हणजे त्या घरी देव चौरंगावर बसतो. आडवी रेघ म्हणजे उंच कोनाड्यात. गोल काढला असेल तर यजमानाचे गुडघे धरलेत, तो खुर्चीत बसून पूजा करतो. जो माणूस जिथे बसतो तिथे देवाची नजर गेली पाहिजे. चाळीस वर्षं नाना घराघरांत जाऊन बसून हे ठरवत आले होते आणि मी म्हणे त्यांच्या मनाचा निबंध लिहिला होता! खरं सांगतो, इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

"आता?" मी विचारलं.

"प्रानप्रतिष्ठा झाल्यावर ब्रश लावता येत न्हाय. भटजीच्या आदी पोचलं पायजे."

चतुर्थीच्या पहाटेच निघालो. पुढे नाना, मागे मी, हातात रंगाच्या वाट्या. पहिल्या घरी नाना थेट यजमानाच्या जागी बसले. "वायच वर... आनिक वर... बास!" एक बुबुळ दोन केस जरी सरकलं तरी देव भलतीकडे बघणार! दुसरं घर झालं. तिसऱ्या घरातून आम्ही निघतो तोच भटजी अंगणात. चौथ्या घरी ते पायावर पाणी घेत होते आणि मी आत बुबुळ पुसत होतो. माझ्या अंगाला पाण्यासारखा घाम!

पाचवं घर मांडवीला, आप्पा फौजदारांचं. पेन्शन घेतलेले, पण मिशी अजून नोकरीत. आम्ही धापा टाकत उंबऱ्याशी पोचलो आणि आतून घंटा ऐकू आली. दुसऱ्याच भटजींनी प्राणप्रतिष्ठा उरकली होती.

आप्पा खुर्चीत ताठ बसलेले. चौरंगावरचा देव त्यांच्या पायाजवळच्या फरशीकडे बघतोय. मिशी थरथरली.

"काय हो नाना, तीस वर्षं हा माझ्याकडे बघत होता. यंदा माझं काय चुकलं?"

बोलताना त्या माणसाचा आवाज चक्क ओला झाला. मला वाटलं, आता फरशी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. गेला नानांचा पाट, माझ्यापायी गेला!

नानांनी देवाला हात जोडले. मग शांतपणे म्हणाले, "चुकलं न्हाय, आप्पा. यंदा देवानं मान्सं मागितलीत. तुमी रोज एकलेच बसताव. त्याच्या पुढ्यात कुनीतरी बसाया होवं."

"कोण बसणार? माझे गुडघे..."

"हे बसतील. मास्तर."

बसलो! पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, आप्पांच्या पायाशी, बरोब्बर त्या फरशीवर. दुसऱ्या कुणाला नाना तिथे टेकूही देईनात. आप्पांना सोबत मिळाली, ते खूश. पाचव्या दिवशी त्यांनी नानांना स्वतःहून सांगितलं, "पाट पुढच्या साली तुमच्याकडेच." मी सुटकेचा निःश्वास टाकला.

विसर्जनाहून परतताना मी नानांना म्हणालो, "नाना, एक विचारू? सगळं गाव सोडून तुम्ही नेमकं मलाच का बसवलंत तिथं?"

"तितं बसल्यावर काय दिसलं तुमाला?"

मी खाली मान घातली. पाच दिवस बघत होतो, पण कबूल करायची छाती नव्हती.

"देव तिरळा, नाना."

"मी दारातनंच बगितलं," नाना म्हणाले. "म्हनून तं दुसऱ्या कुनाला बसू दिलं न्हाय."