इंजिनबाईच्या खांद्यावरचा हात

डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्यात तिला सगळे इंजिनबाई म्हणायचे, आणि तिचं कामच तसं होतं. खेड्यापाड्यांतून बस भरभरून मोतीबिंदूची माणसं यायची. हिरवे झगे चढवले, डोळ्यांत औषध घातलं की प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि सगळ्यांच्या पुढे ही. वॉर्डातून उतरणीवरून थेट ऑपरेशनच्या दारापर्यंत. तिने वाटेत मागे बघायचं नाही, हा नियम. ती वळली की अख्खी रांग वळते आणि म्हातारी माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळतात.

त्या नियमापायीच तिचा नवरा गेला. सुतार माणूस. करवतीत अर्धं बोट गेलं तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं, पण डोळ्याला सुई लागणार म्हटल्यावर पठ्ठ्याची पाचावर धारण बसली. तिने हातापाया पडून त्याला रांगेत आणला, अगदी आपल्या मागे उभा केला. दाराशी खांद्यावरचा हात सुटला. तिला वाटलं, पोचलोच आहोत की. तो मात्र भिंत चाचपडत मागच्या मागे सटकला आणि फाटकाबाहेर ट्रकखाली आला.

ती कामावर परतली त्या सकाळी खांद्यावर हात पडला तो गारठलेला, अर्ध्या बोटाचा. तिने तो लगेच ओळखला. पण वळणार कशी? मागे सगळी म्हातारी. मागची आजी कुरकुरली, "बाई, केवढा उंच खांदा हो तुमचा!" इंजिनबाई तर चांगलीच ठेंगणी; उंच होता तो तिचा नवरा. दाराशी हात उचलला गेला, आणि उतरणीवरून परत जाणारी पावलं तिने स्पष्ट ऐकली.

मग हे रोजचंच झालं. तिला आता त्या हाताची भीती वाटत नव्हती. पण तो दारातून परत फिरायचा, त्यापायी तिचा जीव तुटायचा. मेल्यावरही हा माणूस आंधळाच, आणि रोज त्याच ट्रककडे चाललाय, ह्या विचाराने तिला घास गिळवेना.

शेवटी एकदा दार यायच्या आतच तिने त्या हातावर आपला हात दाबून धरला. बर्फच जणू. त्याने हिसका दिला. तिने सोडला नाही.

"अहो, घाबरू नका," ती हळूच म्हणाली. "या वेळी मी आत येतेय तुमच्याबरोबर."

रांगेला तिथेच थांबायला सांगून तिने कमरेने दार ढकललं. आतल्या नर्सला दिसलं ते एवढंच, की बाई स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवून रिकाम्या टेबलाशी उभी आहे. मोठ्या दिव्याच्या उजेडात तिच्या तळव्याखालची बोटं हळूहळू ऊबदार झाली. मग तळव्याखाली नुसता तिचा खांदा उरला.

दुसऱ्या दिवशी एका आजोबांचा हात तिच्या खांद्यावर पडला, जिवंत, घामेजलेला. उतरणीवर ती ढसाढसा रडली, पण पाय थांबू दिले नाहीत. नवऱ्याला तिने स्वतः आत पोचवलं होतं. आता तो यायचा नव्हता.