परातीतलं जर्मन

मंडळी, आज माझी जर्मनची तोंडी परीक्षा झाली. मी नर्स आहे. जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी हवी तर ही भाषा बोलता यायलाच पाहिजे. लातूरच्या क्लासमध्ये मला सगळं समजायचं, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

सर म्हणाले, "घरातल्या साध्या गोष्टी रोज जर्मनमध्ये हातानं लिहा, मग बोलता येईल." सकाळच्या धांदलीत वही कोण उघडतंय? म्हणून मी भाकरीचं पीठ परातीत पसरून त्यातच बोटानं लिहायला लागले. लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, मग पीठ मळायचं.

आज घाईत तशीच पाणी ओतायला गेले, तर सासूबाईंनी तांब्या धरला. "आज लिहिलं न्हाईस. परीक्षेच्याच दिवशी इसरून राहिलीस व्हय?"

मग लिहिलं, "आमच्या घरी सासूबाई सगळ्यात आधी उठतात."

परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी नेमकं घरच्या सकाळबद्दल विचारलं. मी न अडखळता बोलत गेले. मधेच लक्षात आलं, माझं बोट टेबलावर आपोआप फिरत होतं.

निकाल यायचाय, पण मन निवांत आहे. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या खूश झाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "तिकडं ज्वारी मिळती का गं? न्हाई तर लिहिशील कशात?"

तुमच्यापैकी कुणी जर्मनीत असेल तर सांगा, ज्वारीचं पीठ कुठं मिळतं?