टोपणावरचं छिद्र

कबालेच्या हातच्या भांड्यातून दूध गळलं, असं कलाचा गावात कुणाच्या ऐकिवात नाही. रानातल्या मुळ्यांचे तंतू सोलून ती गोर्फा, म्हणजे दुधाची भांडी विणायची, आणि वीण इतकी घट्ट की उंटिणीचं दूध भरून भांडं आडवं केलं तरी बाहेर ओल येत नसे. लेकीला सासरी न्यायला भांडी हवीत म्हणून लग्नाच्या मुलींच्या आया दोन-दोन दिवस चालत तिच्याकडे येत. बाईला त्याचा ताठा होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभतही होता.

दुसरी एक गोष्ट मात्र ती कुणाला दाखवत नसे. नवऱ्याच्या, उमुरोच्या मोटरसायकलबद्दल तिला भारी कुतूहल होतं. उमुरोचा बाप उंटांवरून मीठ वाहायचा. उमुरोनं उंट विकून जुनी गाडी घेतली आणि ती वाळूत चालावी म्हणून तिचं सगळं रूपच पालटून टाकलं. मागची दातेरी चकती मोठी बसवली, पुढचं मडगार्ड वीतभर उचललं, हँडलला फुटलेल्या बादलीचा पत्रा कापून दगड अडवायची ढाल केली. कबाले दारात विणत बसायची आणि नजर त्याच्या हातांवर असायची. ही नळी कुठे जाते? तो तिच्यावर फुंकर का मारतो? पण नवऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही आणि नवऱ्यानं बाईच्या भांड्यांना हात लावायचा नाही, असा तिच्या घरातला शिरस्ता. लग्नाच्या बारा वर्षांत तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग तिच्या भावाचा, यातानीचा निरोप आला. उंटांचा तळ चलबीच्या वाळवंटापलीकडे, पार तळ्याच्या बाजूला गेला होता. दोन उंट उभ्याउभ्या कोसळून मेले होते. उरलेल्या चाळिसांना लस टोचायला हवी होती. टोचायला यातानी स्वतः शिकलेला होता, पण लस कलाचातल्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये, आणि सरकारी गाडी यायला पाच दिवस होते. त्या चाळिसांत कबालेच्या आईनं मरताना मागे ठेवलेली पांढरी उंटीणही होती.

"मी नेतो," उमुरो दवाखान्यात म्हणाला.

"जाशील रे, परत कसा येशील?" दवाखान्यातला माणूस हसला. "तिकडे पेट्रोल काय मेंढ्यांच्या आचळातून काढणार?"

उमुरो घरी आला आणि कामाला लागला. उंटाच्या पाठीवर ओझ्यासाठी वाकवलेल्या काठ्यांचं खोगीर असतं, त्याच घडणीचा लोखंडी सांगाडा त्यानं बैठकीच्या पार मागच्या टोकाला उभा केला. त्यावर वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन, कॅनच्या बुडाशी छोटा नळ, नळापासून पारदर्शक नळी थेट इंजिनाकडे. मूळ टाकी संपली की कॅनचा नळ सोडायचा, पेट्रोल आपोआप खाली उतरणार.

"तालासोची आई," तो कबालेला म्हणाला, "लोखंडावर घासून कॅन फाटेल. याला अंगरखा विणून दे."

बारा वर्षांत त्यानं तिच्याकडे कामातली मदत पहिल्यांदाच मागितली होती. कबालेनं जीव ओतून विणलं. दुसऱ्या दिवशी उमुरो चहाला गेलेला असताना ती अंगरखा चढवायला बसली आणि तिची बोटं थबकली. कॅनच्या टोपणावर छिद्र होतं! गरम खिळा लागल्यासारखं, मसुराएवढं.

तिला नवऱ्याची दया आली. बिचाऱ्याच्या हातून खिळा निसटला असणार आणि त्याला कळलंही नसणार. भांड्याला भोक आहे असं कुणाला तोंडावर सांगणं म्हणजे त्याचं नाक कापणं. तिनं बाभळीचा डिंक आणि राख मळली, अंगठ्यानं छिद्रात दाबून बसवली, आणि वर तंतूंची गोंडस टोपी विणून टाकली. उमुरोनं येऊन पाहिलं आणि तो नुसता "वा" म्हणाला. तिला तेवढं पुरलं.

सकाळी निघताना प्रश्न आला लसीच्या बर्फाच्या डब्याचा. गाडीला बांधला तर आदळून फुटेल. "मी मांडीवर घेते," कबाले म्हणाली. "आणि तळ कुठे हललाय ते तुम्हाला थोडंच सापडणार आहे? माझ्या माणसांची वाट मला ठाऊक." दवाखान्यातल्या माणसानं बजावलं, बर्फ फार तर दुपार कलेपर्यंत टिकेल. तो विरघळला की लस म्हणजे पाणी.

चलबीवर गाडी सुसाट निघाली. मिठाची पांढरी जमीन, समोर कायम पाण्याचा भास. कबालेच्या मांडीवर गार डबा, पाठीला कॅन. दगडांचा पट्टा ओलांडला तेव्हा मूळ टाकी संपली. उमुरोनं कॅनचा नळ सोडला. नळीतून लालसर पेट्रोल उतरलं आणि तो आनंदानं ओरडला, "बघ, कशी पितेय!"

पाचेक मैल गेले, आणि गाडीनं आचके देऊन मान टाकली.

उमुरोनं टोपण उघडून आत पाहिलं. पेट्रोल काठोकाठ. टोपण लावलं, किक मारली, गाडी एका दमात सुरू! दोघं हसली. मैलभरावर पुन्हा बंद. पुन्हा उघडून पाहिलं, पेट्रोल आहे. पुन्हा लावलं, पुन्हा सुरू. पुन्हा बंद.

"तिला काय, आपण टोपण उघडून नमस्कार करायला हवाय का?" कबाले म्हणाली. उमुरो हसला नाही. ऊन डोक्यावर आलं होतं.

पाचव्या खेपेला कबालेनं लक्ष दिलं. गाडी बंद पडायच्या आधी पाठीला टेकलेला कॅन हळूहळू आत जात होता, उपाशी माणसाच्या पोटासारखा. आणि उमुरोनं टोपण फिरवलं की एक आवाज व्हायचा, सुस्स्, आणि पोट पुन्हा फुगायचं. तो आवाज तिनं शेकडो वेळा ऐकला होता. तिच्या गोर्फाचं झाकण इतकं घट्ट बसायचं की गरम दूध निवल्यावर ते काढताना असाच श्वास आत जाई. झाकण थोडं सैल केल्याशिवाय तिरकं भांडंसुद्धा धड ओतलं जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

म्हणजे उमुरोच्या हातून खिळा निसटला नव्हता.

उमुरोनं तोवर जमिनीवर चादर पसरून पाने मांडले होते. "कार्बुरेटर उघडतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "कचरा असेल. नाहीतर माझीच अक्कल कमी पडली. लोक म्हणतात ते खरं, गल्लीत फिरवायच्या गाडीला वाळवंटात घालणारा मी शहाणा! यातानीला तोंड कसं दाखवू?"

"किती वेळ लागेल?"

"दोन तास. वारा आला तर जास्त."

डब्यात बर्फ खळखळू लागला होता, म्हणजे निम्मं पाणी. कबालेला वाटलं, गुपचूप टोपी उसवावी, डिंक काढावा आणि म्हणावं, बघा, झाली सुरू. कोणाला कळणार? पण हा माणूस जन्मभर स्वतःच्याच हातांना दोष देत राहील, हे तिला दिसत होतं. तिनं डबा खाली ठेवला.

"पाने गुंडाळा. टोपणाला छिद्र होतं ते मी बुजवलं."

उमुरोनं हातातला पाना खाली ठेवला. "ते मी मुद्दाम पाडलं होतं."

"मग सांगायचं होतं!"

"तू विचारायचं होतंस!"

"काय विचारायचं होतं? तुमचं भांडं फुटकं कसं म्हणून? असं कुणी मला विचारलं असतं तर मी त्याच दिवशी माहेरी निघून गेले असते."

उमुरोला हसू आवरेना. कबालेला हसू आलं नाही. तिनं कमरेची विणायची आरी काढली, स्वतःचीच टोपी उसवली आणि डिंक कोरायला बसली. तिचा डिंक! पेट्रोलनंही तो ढिला झाला नव्हता. खपली आत पडून नळी तुंबू नये म्हणून ती कणाकणानं बाहेर ओढत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती भांड्याला भोक पाडत होती. शेवटचा कण निघाला.

"आता सांगा," ती म्हणाली. "ओतायचं खालून, मग हवा वरून का लागते?"

"पेट्रोल जितकं उतरतं तितकी जागा रिकामी होते. तिथे हवा गेली नाही तर ते उतरतच नाही." त्यानं गाडीला किक मारली. "चल, बाकीचं वाटेत ओरडून सांगतो."

आणि तो सांगत गेला, ती विचारत गेली. गाडी पुन्हा बंद पडली नाही.

दोघं तळावर पोचली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. यातानीनं धावत येऊन डबा उघडला, आत हात घातला. पाण्यात बोटभर बर्फाचा तुकडा होता. "गार आहे," तो म्हणाला आणि सुई भरायला लागला. एकेक उंट बसवत, एकेक टोचत शेवटी पांढऱ्या उंटिणीची पाळी आली. ती टोचून घेताना ओरडली, उठली आणि रागानं थुंकली. यातानीनं सुटकेचा श्वास सोडला. कबालेच्या डोळ्यांत पाणी आलं.

माहेरच्या बायका गाडीभोवती जमल्या होत्या. कॅनच्या अंगरख्यावरून हात फिरवत म्हणत होत्या, वीण ओळखू येते बाई, कबालेचीच.

"पण एवढा उशीर?" यातानीनं विचारलं. "आम्ही सकाळपासून वाटेकडे डोळे लावून बसलोय."

"यंत्रच ते," उमुरो घाईनं म्हणाला. "माझ्याकडून बांधण्यात चूक राहिली होती."

कबालेनं त्या बायकांकडे पाहिलं. यातल्या तिघींच्या मुलींची भांडी तिनं विणली होती.

"यांची काही चूक नव्हती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चूक मी केली. बसा, कशी ते सांगते."